जुने कर्नल : दोनच ठेवायचे की तीन? सोलापूरच्या लिनक्सवाल्यांनी मत मांडावं

कन्ना चौक :
उबंटू, मिंट, डेबियन अशा लिनक्सच्या डिस्ट्रो वापरणाऱ्यांनी मशीनवर दोनच कर्नल (सिस्टीमचा गाभा; अपडेटला नवा येतो, जुना पडून राहतो) ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. एक चालू आणि एक त्याच्या मागचा. आपल्याकडे जॅकार्डच्या डिझाइन ऑफिसांत, क्लासच्या लॅबमध्ये १२० जीबीच्या एसएसडीवर चालणारी मशीनं भरपूर. त्यात इन्स्टॉल करताना एन्क्रिप्शन निवडलं असेल तर कर्नलच्या फाइली ठेवायचं /बूट पार्टिशन वेगळं आणि लहान. व्हीएमलिनझ, म्हणजे खुद्द कर्नलची फाइल, १०-१५ एमबीची असते, तिचा त्रास नाही. जागा खाते ती इनिटआरडी (मशीन सुरू होताना लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल), ६० पासून १५० एमबीपर्यंत. शिवाय नवी इनिटआरडी आधी '.न्यू' नावाने पूर्ण लिहिली जाते आणि मगच जुनीच्या जागी बसते, म्हणजे तेवढी जागा वरकड लागते. ५१२ एमबीच्या /बूटवर तीन कर्नल असले आणि इनिटआरडी मोठ्या असल्या की चौथा येताना 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आलंच म्हणून समजा.

क्रम असा ठेवा. अपडेटनंतर आधी रीस्टार्ट. 'युनेम -आर'ने नवा कर्नल चालू आहे याची खात्री. मग 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' (एपीटी म्हणजे पॅकेजेस बसवणारं-काढणारं साधन, पर्ज म्हणजे सेटिंगसकट काढणं). रीस्टार्ट न करता चालवलं तर एपीटी चालू कर्नलला हात लावत नाही, त्यामुळे तो जुना तसाच उरतो आणि लोक म्हणतात सफाई झालीच नाही.

सात रस्ता :
क्रम बरोबर, आकडा मान्य नाही. मालक, वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि प्रत्येक टेबलाखाली यूपीएस नाही. इनिटआरडी लिहिली जात असताना वीज गेली तर नवा कर्नल 'अनेबल टु माउंट रूट एफएस' म्हणत पॅनिक होतो. तेव्हा ग्रब या बूट मेनूतल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुन्या कर्नलवर जायचं, अर्धवट बसलेली पॅकेजेस पुरी करायला 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवायचं, मग इनिटआरडी परत बनवायला 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल'. हा रस्ता जुना कर्नल असेल तरच उघडा. एनव्हिडिया किंवा वायफायचा ड्रायव्हर डीकेएमएसवर (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने बनवणारी सोय) असेल तर नव्या कर्नलवर तो बिल्ड न होण्याचीही शक्यता असते. असा ड्रायव्हर लागोपाठ दोन अपडेटना अडला तर तुमचे दोन्ही कर्नल निकामी. फेडोराच्या डीएनएफमध्ये (तिकडचं एपीटी) 'इन्स्टॉलओन्ली_लिमिट', म्हणजे किती कर्नल ठेवायचे ती मर्यादा, मुळातच ३ आहे, आणि रेस्क्यूची नोंद वेगळी. मोठा /बूट असणाऱ्याला दोनावर आणायची घाई कशाला?

कन्ना चौक :
तिसरा कर्नल हा यूपीएसला पर्याय नाही. आणि डीकेएमएस अडलंय हे रीस्टार्टच्या आधीच 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये दिसतं. तिथे नव्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर सफाई थांबवा. दोनचा नियम मी चालणाऱ्या दोन कर्नलांसाठी सांगतोय.

जुळे सोलापूर :
दोन की तीन यापेक्षा लोक पुसतात कसे, हा प्रश्न मोठा आहे. /बूटमध्ये जाऊन 'आरएम'ने फाइल उडवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. डीपीकेजीच्या वहीत ते पॅकेज 'आयआय', म्हणजे बसवलेलं, असंच राहतं आणि पुढच्या इनिटरॅमएफएसच्या फेरीत गोंधळ घालतं. दुसरा प्रकार 'लिनक्स-इमेज-*' असा तारा लावून पर्ज करण्याचा. त्यात चालू कर्नलसकट सगळ्या इमेज येतात आणि 'लिनक्स-इमेज-जेनेरिक' हे मेटापॅकेजही (दर वेळी ताजा कर्नल ओढून आणणारं) जातं. चालू कर्नल वाचवला तरी पुढचे कर्नल येणं बंद होतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या कधी थांबल्या ते कळतही नाही.

तिसरा प्रकार फारसा कुणी सांगत नाही. उबंटूवर फक्त 'लिनक्स-इमेज-अमुक' काढलं की एपीटी कधी कधी त्याच आवृत्तीचं 'लिनक्स-इमेज-अनसाइन्ड-अमुक' बसवायला निघतं, कारण 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा'ला दोन्हींपैकी एक इमेज हवीच असते. म्हणून इमेज, मॉड्यूल्स, मॉड्यूल्स-एक्स्ट्रा आणि हेडर्स एकाच कमांडमध्ये द्या. आधी '-एस' लावून नुसती यादी वाचा. यादीत 'इन्स्ट', म्हणजे काही नवं बसणार असं, दिसलं तर थांबा.

नवी पेठ :
/बूट १०० टक्के भरलं, एपीटीही अडकलं, तर? तेव्हा 'आरएम' करावंच लागतं ना?

जुळे सोलापूर :
हो, तेवढी एकच वेळ. सर्वांत जुन्या आणि चालू नसलेल्या कर्नलची फक्त इनिटआरडी काढा, व्हीएमलिनझ राहू द्या. मग 'एपीटी -एफ इन्स्टॉल', आणि लगेच त्या जुन्या कर्नलची पॅकेजेस रीतसर पर्ज. मधेच सोडलं तर इनिटआरडी नसलेल्या कर्नलची नोंद ग्रबमध्ये राहते.

विजापूर रोड :
बूटलोडरचं, म्हणजे ग्रबचं, कुणी बोललंच नाही. पर्ज केल्यावर 'अपडेट-ग्रब' आपोआप चालतो, हातानं 'ग्रब.सीएफजी' खरडू नका, पुढच्या वेळी ते पुसलंच जातं. '/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब'मध्ये 'ग्रब_डिफॉल्ट' ला '१>२' असा आकडा दिला असेल तर मात्र जपा. एक कर्नल गेला की खालचे क्रमांक सरकतात आणि भलताच कर्नल सुरू होतो. ० ठेवा किंवा 'सेव्ह्ड'. विंडोजची नोंद गायब झाली म्हणून सफाईला दोष देऊ नका, ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या दुसऱ्या सिस्टीम शोधणारा) मुळातच बंद असतो.

आणि यूईएफआयच्या (मदरबोर्डच्या फर्मवेअरच्या) बूट नोंदी हा वेगळाच विषय. त्या मदरबोर्डच्या एनव्हीरॅममध्ये असतात, कर्नल काढून त्या हलत नाहीत. 'ईएफआयबूटएमजीआर -व्ही'मध्ये 'बूटकरंट', म्हणजे आत्ता ज्या नोंदीवरून मशीन सुरू झालं तो क्रमांक, कोणता ते आधी बघा, मग काढून टाकलेल्या डिस्ट्रोचा क्रमांक '-बी ०००३ -बी' असा द्या, पहिला बी लहान लिपीतला, दुसरा मोठ्या. ईएसपीवरच्या (बूटलोडर ठेवायच्या पार्टिशनवरच्या) फोल्डरना हात लावताना 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'बूट' ही दोन सोडूनच.

सात रस्ता :
यूईएफआयच्या नोंदी काढायच्याच कशाला? एक मेलेली ओळ बूट मेनूत दिसली तर काय बिघडतं?

विजापूर रोड :
जुनी नोंद बूटऑर्डरमध्ये वर असली आणि तिचं फोल्डर अजून ईएसपीवर असलं, तर मशीन जुन्याच ग्रबवर जातं. तो ग्रब पुसलेल्या पार्टिशनवर आपली सेटिंग शोधतो आणि 'ग्रब रेस्क्यू'वर अडकतो. लॅबमध्ये एकाच डिस्कवर तीन-तीनदा डिस्ट्रो बदललेल्या असतात, तिथे हे हमखास होतं.

सात रस्ता :
हे पटलं. कर्नल मात्र मी तीनच ठेवणार. वेगळं /बूट असेल तर ते १ जीबीचं करून.

कन्ना चौक :
१ जीबी असेल तर तीनाला माझी हरकत नाही. ५१२ असेल तर दोन, किंवा 'इनिटरॅमएफएस.कॉन्फ'मध्ये 'मॉड्यूल्स=डेप' (फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर) करून इनिटआरडी लहान करा. पण डिस्क काढून दुसऱ्या बोर्डाला लावायची असेल तर आधी ते 'मोस्ट'वर (बहुतेक सगळे ड्रायव्हर) आणून इनिटआरडी परत बनवा, नाहीतर नव्या बोर्डाच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर त्यात सापडणार नाही.