डेल लॅटिट्यूड डी६३० : जुन्या बाजारातल्या सीडीवरून एक्सपी टाकायचंय, आधी काय करू?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला नेमकं सांगता येईल.

लॅपटॉप सासऱ्यांचा. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, पोटाशी विंडोज एक्सपी प्रोफेशनलचं स्टिकर. खानापूर-आटपाडीकडच्या तालमींवर त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं होतं. गावोगाव फिरून म्हाताऱ्या पैलवानांना बोलतं केलं होतं. तालीम कुणी बांधली, हौद्यातल्या मातीत काय काय मिसळायचे, वस्ताद कोण, जत्रेच्या फडात शेवटची कुस्ती कुणाची लागायची, सगळं त्यात आहे. पेजमेकरमध्ये पानंही स्वतःच लावली. गेल्या वर्षी ते गेले. ज्यांच्याशी बोलले त्यातलेही बरेच आता नाहीत. कागदावर फक्त पहिली दोन प्रकरणं आहेत, बाकी सगळं या डबड्यात.

हल्ली विंडोजचा लोगो येतो, क्षणभर निळा पडदा दिसतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. सेफ मोडमध्येही तेच. मूळ सीड्या घरात कुठेच नाहीत, म्हणून पुण्याच्या रविवारच्या जुन्या बाजारातून आणल्या. एकीवर डेलचं नाव आणि ‘रीइन्स्टॉलेशन सीडी, एक्सपी प्रोफेशनल, सर्व्हिस पॅक २’ असं छापलंय. दुसरी डेलचीच, ड्रायव्हर्सची (मशीनचे भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅम्सची). तिसरीवर मार्करने ‘एक्सपी एसपी३’, खालून जांभळट दिसते. डेलची सीडी लावून पाहिली. सेटअप सुरू होतो, फाइली लोड होतात आणि शेवटी ७बी असलेला एरर येऊन थांबतो.

इथला दुरुस्तीवाला म्हणतो, ‘फॉरमॅट मारून देतो.’ मी लॅपटॉप उचलून घरी आणला. या सीड्या वापरता येतील का? आणि पानं वाचतील ना?

रात्रपाळी

ताई, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला. हे मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू होतं. चालू करताना एफ१२ दाबा आणि हलकं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी प्रणाली) इन्स्टॉल न करता नुसतं चालवा. डिस्क दिसली तर फाइली तिथूनच उचला. पेजमेकर मात्र त्यावर थेट चालणार नाही.

जुनी_यंत्रं

फॉरमॅटला नाही म्हणालात हे फार बरं केलंत. आता ती सीडी बाहेर काढा आणि मूळ डिस्कला सेटअप अजिबात दाखवू नका. चुकीच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) एक एंटर पडला की संपलं.

पहिलं काम हार्डडिस्क काढण्याचं. चार्जर आणि बॅटरी काढा, लॅपटॉप उलटा करा, डिस्कपाशी दोन स्क्रू आहेत ते सोडवा. डिस्क बाजूने सरकत बाहेर येते. अडीच इंची, साटा जोडणीची आहे, तिला यूएसबीने जोडायचं केसिंग (डबी) कुठेही मिळतं. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्यावर ‘फॉरमॅट करायचं का’ असा प्रश्न आला तर नाही म्हणा. कटकट आवाज येत असेल तर तिथेच थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

आवाज ठीक असेल तर लिनक्समधून डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरून अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) मोठ्या डिस्कवर घ्या. नुसत्या फाइली कॉपी करायला गेलात तर एका खराब जागेवर कॉपी तासन्‌तास अडून बसते आणि डिस्क आणखी थकते. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. इमेज झाल्याशिवाय पुढचं काही नाही.

आता ७बी. एक्सपीच्या सीडीत साटाच्या एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हर नाही, म्हणून सेटअपला डिस्क दिसतच नाही. एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा, ‘साटा ऑपरेशन’ शोधा आणि एएचसीआयऐवजी एटीए (जुनी पद्धत) करा.

यावरून एक शंका येते. सुरू होताना तारीख-वेळ सेट करा असा संदेश येतो का? आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात. सासऱ्यांचं एक्सपी एटीएवर टाकलेलं असेल, तर त्यालाही आता डिस्क सापडत नसेल. म्हणजे विंडोज बिघडलेलंच नसेल.

सीड्यांबद्दल : डेलची ठेवा. ती बायोसमधली डेलची खूण तपासते, त्यामुळे डेलच्या मशीनवर प्रॉडक्ट की (स्टिकरवरचा परवाना क्रमांक) मागत नाही, अ‍ॅक्टिव्हेशनही नाही. जांभळट सीडी घरी राइट केलेली आहे. तिच्या आय३८६ फोल्डरमध्ये सेटअपपी डॉट आयएनआय (शेवटी दोन पी) नावाची फाइल उघडून पाहा. ‘पीआयडी’ या ओळीतल्या आकड्याच्या शेवटी २७० असेल तर ती कंपन्यांसाठीची व्हॉल्यूम आवृत्ती, तुमच्या स्टिकरवरची की तिला चालणार नाही. शिवाय त्यात कुणी काय घुसवलंय कोण जाणे. ती लावूच नका.

डेलच्या सीडीची आयएसओ (एकाच फाइलीत पूर्ण प्रत) आत्ताच करून ठेवा. सुती फडक्याने मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही. नावाच्या बाजूचे ओरखडेही नीट पाहा. सीडीत माहितीचा थर त्याच बाजूला लगेच खाली असतो.

येरळाकाठ

तारखेचा संदेश येतो! कित्येक महिने येतोय, मी एफ१ दाबून पुढे जात होते.

भाच्याने डिस्क काढून इमेज घेतली. काही जागा वाचल्या गेल्या नाहीत, पण ‘तालीम’ फोल्डर पूर्ण आलाय. मग डिस्क परत बसवून साटा ऑपरेशन एटीएवर केलं, तर मामंजींचा डेस्कटॉप समोर! पेजमेकर उघडलं, नववं प्रकरण वाचलं. जुनी_यंत्रं, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

डिस्क खराब आहेच, त्यामुळे नवीन घेऊन तिच्यावर डेलच्या सीडीने एक्सपी टाकायचा विचार आहे. मग पानांतल्या मराठी अक्षरांचं काय, ती तिथे नीट दिसतील ना?

खिळेजुळारी

मी वीस वर्षं डीटीपी केलंय, म्हणून कळकळीने सांगतो. त्या पानांतलं मराठी युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नाही. फाँट नसेल तर पानावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसेल. विंडोजमधला अख्खा फाँट्स फोल्डर वेगळा जपा. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक (परवान्याची पेन ड्राइव्हसारखी चावी) सापडलं तर तेही.

जुनी डिस्क चालतेय तोवर प्रत्येक प्रकरणाची फाँटसकट पीडीएफ करा. हे आजच. मग मजकूर युनिकोडमध्ये बदलायला घ्या. परिवर्तक मिळतात, पण मुद्रितशोधन हातानेच. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. ‘विटा’, ‘गर्दी’, ‘मर्दानी’ असे शब्द तिथेच फुटतात. गावांची आणि पैलवानांची नावं पीडीएफशी एकेक करून ताडून पाहा, कारण ती चुकली तर दुरुस्त करून द्यायला कुणी उरलेलं नाही.

जुनी_यंत्रं

बरोबर. नव्या डिस्कवर एक्सपी टाकताना जुनी मशीनमध्ये नकोच. दुसऱ्या सीडीतून ड्रायव्हर टाकताना चिपसेटचा पहिला, बाकीचे नंतर. ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण केल्याशिवाय एक्सपीत युनिकोड मराठी नीट जुळत नाही, आणि त्या वेळी ते पुन्हा एक्सपीची सीडी मागतं. इंटरनेटला जोडू नका, फाइली पेन ड्राइव्हने हलवा. आणि ती नाण्याएवढी बॅटरी बदलून घ्या, नाहीतर हेच पुन्हा होईल.