बारा वर्षाच्या पोरानं विषारी प्यादं खायचं काय?

शहापूरचा मामा: काल निपाणीत बुद्धिबळाची स्पर्धा होती, चौथ्या फेरीत भाच्याला काळी मोहरी. समोरच्यानं राजाचं प्यादं दोन घरं काढल्याबरोबर ह्याचं सिसिलियन, म्हणजे काळ्याची एक आक्रमक सुरुवात, पाचव्या चालीला प्यादं ए६ ला म्हणजे तिचाच नायडॉर्फ हा प्रकार, समोरच्याचा उंट जी५ ला आल्यावर वजीर बी६ आणि तिथनं आठव्या चालीला बी२ वरचं प्यादं गट्टम. विषारी प्यादं म्हणतात ते हेच. पांढऱ्याचा घोडा बी३ ला आला की आपला वजीर ए३ ला काढायचा असतो, ह्यानं वजीर सोडून आपला दुसराच घोडा काढला. मग पांढऱ्याचं प्यादं ए३ ला, हत्ती ए२ ला, वजीर कोंबडीगत खुराड्यात. अकरा चालीत खेळ खलास, मी बाहेर भडंग पण संपवलो नव्हतो. आता मी म्हणूलालोय कारो-कान ही काळ्याची सावध सुरुवात शिकवा, घरचे ऐकेनात.

टिळकवाडीचा उंट: मामा, चूक नवव्या चालीची, राग काढूलालात ओपनिंगवर, म्हणजे डावाच्या सुरुवातीवर. १९७२ ला आइसलँडच्या रेकयाविकमध्ये जगज्जेतेपदाच्या मॅचमध्ये फिशरनं स्पास्कीविरुद्ध सातव्या डावात हेच प्यादं खाल्लं, बरोबरी झाली. अकराव्यात परत खाल्लं आणि हरला, स्पास्कीनं चौदाव्या चालीला घोडा मागं बी१ वर नेऊन वजिराची वाट लावली. तरी जगज्जेता कोण झाला?

खानापुरी: अर्धंच सांगूलालास की लेका. त्यानंतर त्या मॅचमध्ये फिशरनं बी२ ला हात लावला नाही. पंधराव्या डावात नायडॉर्फच, पण सातव्या चालीला वजीर बी६ ऐवजी मुकाट उंट ई७. फिशरला जे परवडलं नाही ते मोबाईलवर तीन व्हिडिओ बघून आलेल्या पोराला परवडतंय होय?

वडगावची आई: माझी पोरगी दोन वर्ष लंडन सिस्टिम ही पांढऱ्याची सुरक्षित सुरुवात खेळूलालीय, हरत नाही फारशी पण डाव खेळताना जांभया देते. मला तरी वाटतंय रडत घरी आलेलं बरं, निदान डाव चालीसकट पाठ असतो.

खानापुरी: वहिनी, रडणं ठीक, पण पंचवीस मिनिटाच्या डावात वीस मिनिटं घड्याळावर तशीच राहिली त्याची. विचारच केला नाही पोरानं. कुठलं पण ओपनिंग द्या, तसंच होणार.

टिळकवाडीचा उंट: म्हणजे ओपनिंगची चूक नाही, बघा, माझ्याच बाजूला आलास की!

शहापूरचा मामा: तुमचं चालू द्या. येताना बसमध्ये त्यालाच विचारलो, सांगलीत पुढच्या रविवारी काय खेळणार गा? म्हणाला, बी२ खाणार, पण वजीर ए३.