ब्राझील: रिओ, इग्वासू आणि मनाउस एकाच फेरीत?

दोन आठवड्यांत रिओ, इग्वासू धबधबा आणि ॲमेझॉन तिन्ही जमेल का, असं विचारलंय. जमेल, पण विमानानेच. रिओहून ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहरापर्यंत थेट विमानालाही चार तास लागतात. नकाशावर देश लहान वाटतो, आपल्या अडीचपट आहे!

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिवळ्या तापाची लस. निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि लस घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, पासपोर्टसोबत ठेवा. ते नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतली की जन्मभर चालते.

इग्वासूचा अर्जेंटिनाकडचा भाग धबधब्याच्या जास्त जवळ नेतो. मात्र भारतीय पासपोर्टवर त्या बाजूच्या परवानगीची सोय आधीच बघावी लागते. तेवढी खटपट नको असेल तर ब्राझीलकडूनही दृश्य भव्यच आहे.

शाकाहारींनी 'पोर किलो' हॉटेलं शोधावीत. ताटात वाढून घ्यायचं, वजनावर पैसे. भात, भाज्या, सॅलड मुबलक. राजम्यासारखी उसळ मात्र विचारूनच घ्या, तिच्यात बरेचदा मांस असतं. 'सें कार्नि' (मांसाशिवाय) एवढं पाठ करा, इंग्रजीवर फार विसंबू नका.