अँजिओग्राफी निर्दोष, तरी पहाटे छातीत दुखते: रक्तवाहिनीचा स्पॅझम चित्रात कसा पकडतात?

प्रश्न

माझ्या पत्नीला गेले आठ महिने पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखे दुखते. जिभेखाली गोळी ठेवली की दुखणे काही मिनिटांत ओसरते, आणि दिवसा जिने चढताना तिला कसलाही त्रास होत नाही. सीटी अँजिओग्राफी झाली, त्यानंतर मनगटातून केलेली अँजिओग्राफीही झाली. दोन्ही अहवालांत लक्षणीय अडथळा नाही असे लिहिले आहे. पहिल्या रुग्णालयात हे दुखणे चिंतेमुळे असावे असे सांगण्यात आले, आणि तेव्हापासून ती दुखले तरी सांगायला कचरते. आता दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांनी स्पॅझमची, म्हणजे रक्तवाहिनी अचानक आकसण्याची, शंका व्यक्त करून ॲसिटिलकोलीन हे औषध देऊन पुन्हा अँजिओग्राफी सुचवली आहे. जे दोनदा दिसले नाही ते तिसऱ्यांदा कसे दिसेल, आणि स्पॅझम मुद्दाम घडवून आणणे कितपत सुरक्षित आहे?

प्रतिसाद १

मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या कक्षात, तंत्रज्ञ आहे. अँजिओग्राफीत रक्तवाहिनीची भिंत दिसत नाही. आतून वाहणाऱ्या डायची सावली दिसते, आणि तीही फक्त त्या क्षणाची. सीटीच्या आधी चित्र स्पष्ट यावे म्हणून रुग्णाला बहुधा नायट्रोग्लिसरीन देतात, तर मनगटातून नळी घालताना तिथली रक्तवाहिनी आकसू नये म्हणून नायट्रोग्लिसरीन किंवा व्हेरापामिल सोडण्याची पद्धत आहे. ही दोन्ही औषधे स्पॅझम सोडवणारीच आहेत. म्हणजे आपल्या पत्नीच्या रक्तवाहिन्या ज्या अवस्थेत सर्वाधिक सैल असण्याची शक्यता होती, त्याच अवस्थेतली चित्रे आपल्याकडे असू शकतात.

ॲसिटिलकोलीनमुळे रक्तवाहिनीचे आतले निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडते आणि रक्तवाहिनी रुंदावते. अस्तर बिघडलेले असेल किंवा भिंतीतील स्नायू अतिसंवेदनशील असेल, तर तीच रक्तवाहिनी आकसते. हृदयाच्या डाव्या रक्तवाहिनीत साधारणपणे २०, ५० आणि १०० मायक्रोग्रॅम असे टप्प्याटप्प्याने औषध देतात, उजव्या रक्तवाहिनीत कमी. प्रत्येक टप्प्याला चित्र, ईसीजी आणि रुग्णाला काय जाणवते, ही तिन्ही एकत्र नोंदवतात. नेहमीचे दुखणे उमटले, ईसीजी बदलला आणि रक्तवाहिनी ९० टक्के किंवा त्याहून अधिक आकसली, तर निदान पक्के होते. दुखणे आणि ईसीजीतील बदल आहेत, पण मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, असे झाल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या स्पॅझमचा विचार करतात, कारण त्या इतक्या बारीक असतात की अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. शेवटी नायट्रोग्लिसरीन देऊन आणखी एक चित्र घेतात. खरा, कायमचा अडथळा किती आहे हे त्या चित्रावरून कळते.

या तपासणीत, विशेषतः उजव्या बाजूला, हृदयाची गती थोडा वेळ मंदावू शकते, म्हणून पेसिंगची, म्हणजे विद्युत स्पंदने देऊन ठोके चालू ठेवण्याची, तयारी ठेवतात. अनुभवी हातांत गंभीर गुंतागुंत शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होते. तरीही ही तपासणी नेहमी करणारे केंद्रच निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रतिसाद २

दोन वर्षांपूर्वी माझी हीच तपासणी झाली. पडद्यावर डावीकडची मुख्य शाखा धाग्याएवढी झालेली दिसली, त्याच वेळी तेच ओळखीचे दुखणे आले, आणि आपले दुखणे खोटे नव्हते हे प्रथमच कळून मला रडू फुटले. तपासणीपूर्वी कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आणि दीर्घकाळ टिकणारी नायट्रेट ही रक्तवाहिनी सैल ठेवणारी औषधे एक-दोन दिवस थांबवावी लागतात. मात्र ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच थांबवावीत, स्वतःहून कधीही नाही. माझ्या बाबतीत आकसलेल्या जागी ओसीटी ही रक्तवाहिनीच्या आतून चित्र घेणारी तपासणीही केली. त्यात अवरक्त प्रकाशाने १० ते २० मायक्रॉनपर्यंतचा तपशील दिसतो, आणि सावलीत गुळगुळीत वाटणाऱ्या माझ्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर एक झीज झालेला भाग सापडला.

प्रतिसाद ३

ओसीटी प्रत्येकाला लागतेच असे नाही. अस्तराची झीज, बारीक गुठळी किंवा लपलेला मेदाचा थर यांची शंका असेल तेव्हा तिचा उपयोग मोठा आहे. त्याआधी एक साधी गोष्ट करून पाहावी. हृदयरोगतज्ज्ञ प्रिंझमेटल आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली विश्रांतीतील या दुखण्याचे वर्णन केले, ते दुखण्याच्या क्षणी ईसीजीच्या आलेखात उंचावणाऱ्या एसटी नावाच्या भागावरूनच. बारा लीडच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावून दिवसरात्र ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्रात, पहाटेचा एक झटका जरी नोंदला गेला, आणि गोळीने तो थांबत असल्याचे स्पष्ट असले, तर पुष्कळदा स्पॅझम मुद्दाम घडवण्याची गरजच उरत नाही. पत्नींना प्रोप्रानोलॉलसारखा बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारे औषध) चालू आहे का, हेही विचारावे, कारण त्याने स्पॅझम वाढू शकतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आज अँजिओग्राफीची मूळ नोंद काढून पाहिली: वेळ सकाळी साडेअकराची आहे, आणि चित्रण सुरू होण्यापूर्वी नळीतून नायट्रोग्लिसरीन दिल्याचे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ती ओळ मी पत्नीला वाचून दाखवली. बीटा ब्लॉकर चालू नाही. पुढच्या भेटीत आधी होल्टरबद्दल विचारू, आणि त्यात काही सापडले नाही तर ॲसिटिलकोलीनच्या तपासणीला तिची तयारी आहे.