बेळगाव-कित्तूर-धारवाड थेट रेल्वे: पैसा लवकर ओता की थांबा?

वळसेकर: आज बेळगावहून रेल्वेनं धारवाडला जायचं म्हणजे खानापूर, लोंढा, अळणावर असा सुमारे १२० किमीचा फेरा. थेट मार्ग ७३ किमीचा. २०२०ला मंजूर झाला तेव्हा अंदाज ९२७ कोटींचा होता. निम्मा खर्च केंद्राचा, निम्मा राज्याचा, जमीन राज्यानं फुकट द्यायची. कित्तूर, एम. के. हुबळीला रेल्वेच नाही. गोव्याकडून येणाऱ्या कोळशाच्या मालगाड्याही लोंढ्यापासून पुढं सध्याच्या फेऱ्याच्याच रुळांवर असतात. सरकारनं हात आखडू नये. रखडलं की लोखंड-सिमेंटचे भाव थांबत नाहीत.

काळीमाती: हायवे आहे की! बस दीड-पावणेदोन तासांत धारवाडला टाकते. आणि जमीन ‘फुकट’ कुणाला? रेल्वेला. नंदिहळ्ळी, गर्लगुंजीकडं पिकाऊ जमीन जाते. हिशोब बघा. रुळांखालचा मातीचा भराव ६ मीटर उंच, माथा ७.८५ मीटर रुंद, उतार दोनास एक, म्हणजे दोन्ही बाजूंना उंचीच्या दुप्पट पसरतो. पायथा झाला ३२ मीटर. किलोमीटरला ८ एकर, गटारं वेगळी.

वळसेकर: ६ मीटर सगळीकडं कशाला? २ मीटर भरावाला पायथा १६ मीटर, म्हणजे ४ एकर. बस ऊस-साखर ओढणार नाही.

काळीमाती: मग जिथं २ मीटर भागतं तिथून न्या. शेतकऱ्यांनी माळरानातून पर्याय सुचवलाय तो त्यासाठीच.

मोरीवाला: दोघंही पाण्याबद्दल गप्प. भाताच्या शेतात पाणी बांधावरून बांधावर उतरतं, भराव ते आडवं अडवतो. मग ९०० मिमीचा पाइप टाकतात. पहिल्या पावसात त्यात पेंढा, उसाचं पाचट अडकतं. वरच्या बाजूचं भात कुजतं, खालचं वाळतं. तिथं माणूस आत शिरून साफ करेल अशी २ बाय २ मीटरची चौकोनी मोरी हवी, ओढ्यावर तर छोटा पूलच. रुळांखालून जाणाऱ्या भुयारी रस्त्याचंही तेच. तळ ओढ्याखाली गेला की पावसाळाभर तळं. तोंडाशी फूटभर उंचवटा, उतारावर छप्पर आणि पाणी ओढून घेणारा खड्डा-पंप नसेल तर करू नका. उंची साडेतीन मीटर ठेवली तर उसाची भरलेली ट्रॉली अडकणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

वळसेकर: मान्य. पण हे अंदाजपत्रकात घालायचं काम, प्रकल्प रोखायचं कारण नाही.

काळीमाती: अंदाजपत्रकात काटछाट झाली की आधी मोऱ्याच जातात. आणि भरपाई? दर ठरतो गेल्या ३ वर्षांच्या नोंदलेल्या खरेदीखतांवरून, त्यातल्या जास्त दराच्या निम्म्यांची सरासरी. खतावर भाव कमी लिहायची आपल्याकडची सवय इथं नडते. भरपाईच्या वर मिळणारी दिलासा रक्कम १०० टक्के, पण ती त्याच कमी आकड्यावर.

मोरीवाला: आणि जमीन घ्यायच्या नोटिशीवर हरकतीला मुदत ३० दिवस. मराठी गावात नोटीस कन्नडात आली की निम्मे दिवस वाचून घेण्यातच जातात. हरकत ‘आमचा विरोध आहे’ एवढीच देऊ नका. सर्वे नंबर, त्यातली विहीर, पाइपलाइन, बोअर, झाडांची संख्या, पाणी कुठून कुठं वाहतं त्याचा हातनकाशा जोडा, पोच घ्या. मोजणीला स्वतः उभे राहा. पाइपलाइन जमिनीखाली असते, दाखवल्याशिवाय कुणी लिहीत नाही.

वळसेकर: सोबत मार्गाचा उभा छेदही मागा. भराव कुठं किती, मोरी कितव्या मीटरला, हे त्यावरच कळतं.

काळीमाती: तो छेद मराठीत गावच्या चावडीवर लागू दे, मग बोलू.