बासरीवर अभंग वाजवायचा तर शब्द पाठ हवेतच का?

बासरीवेडा (सोलापूर)
आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात मी बासरी वाजवतो. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' घेतलं की पेटीवाले काका म्हणतात, "सूर बरोबर हायत ओ, पण अभंग ऐकू येईना." बासरीतून शब्द थोडेच निघतात? पाठ केले तर फरक काय पडणार?

पेटीमास्तर, जुळे सोलापूर
पडतो की! आधी श्वास कुठं घेता ते बघा. 'उभे' झाल्यावर घेतला तर चालतं. 'विटे' आणि 'वरी'च्या मधे घेतला की विठोबा विटेवरून खाली! मग जीभ. पुढं 'कर कटावरी' येतं, तिथं क, क, ट असे टणक वर्ण आहेत, जीभ लावून फुंक तोडा. 'ध्यान'चा आकार मात्र एकाच फुंकेत, बोटं सरकवत लांबवा. आम्हाला पेटीवर हे सगळं भात्यानं साधावं लागतं, वर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. विलायत खाँसाहेब मैफलीत बंदिश आधी गाऊन दाखवायचे, मग तीच सतारीवर. तुम्हीही आधी म्हणा. गळा नसेल तरी म्हणा, मंडळात कुणाला आहे?

जोडझाला
सगळं शब्दांवर ढकलू नका. सतारीवर तालाआधी जो आलाप-जोड होतो, त्यात कुठले आलेत शब्द? मसीतखानी गत, म्हणजे सतारीवरची संथ बंदिश, बाराव्या मात्रेपासून 'दिर दा दिर दा रा' अशी उठते, ते मिजराबीचेच, म्हणजे तार छेडायच्या नखीचेच, बोल.

पेटीमास्तर, जुळे सोलापूर
मान्य. पण त्यांनी अभंगाचं विचारलंय, गतीचं नाही.

अक्कलकोट रोड
लग्नात पाठवणीला सनई वाजते तेव्हा बायकांच्या मनात शब्द चालूच असतात. तिथं वादकानं तान मारली की डोळे पुसून सगळ्या त्याच्याकडं बघायला लागतात. आपल्याकडच्या सिद्राम जाधवांची सुंदरी मिळाली तर ऐका. सनईपेक्षा लहान वाद्य, पण गातं.

बासरीवेडा (सोलापूर)
आणि बसवण्णांसारख्या लिंगायत संतांची कानडी वचनं? मंडळात निम्मे लोक कानडी आहेत, मला कानडी जेमतेम कळतं.

पेटीमास्तर, जुळे सोलापूर
शेजारी बसणाऱ्याकडून अर्थ समजून घ्या. कानडी शब्द बहुतेक स्वरावर संपतात, म्हणून ओळीचा शेवट जिभेनं तोडू नका, फुंक हळूहळू विरू द्या. आणि बसवण्णांचं ते वचन आहे ना, श्रीमंत लोक शिवालयं बांधतात, मी गरीब काय करू म्हणणारं? त्यावर मुरक्यांची रोषणाई करू नका. सरळ वाजवा.