सिन्नरच्या माळावरील चंडोल कसे ओळखावेत?

प्रश्न : सिन्नरकडील कोरड्या माळरानावर मातकट रंगाचे, तुरेवाले चंडोल दिसतात, तर अंजनेरीच्या पठारावरील तसेच पक्षी अधिक गडद वाटतात. हे एकाच जातीचे असावेत काय?

उत्तर १ : बहुधा नाहीत. दख्खनच्या कोरड्या पठारावरचा साईक्सचा चंडोल आकाराने लहान असून त्याचे पोट तांबूस व छातीवरील रेषा मोजक्याच असतात. सह्याद्रीच्या ओलसर बाजूचा मलबारी चंडोल मात्र छातीवर ठळक, दाट रेषा मिरवतो. तुऱ्यावर विसंबू नये, कारण तो दोघांनाही असतो.

उत्तर २ : सहमत. त्याच माळावर तुरा नसलेला, तांबूस शेपटीच्या टोकाला काळा पट्टा असलेला पक्षी उडाला, तर तो मुरारी नावाचा चंडोल समजावा. काळ्या पोटाचा, पांढुरक्या गालांचा आणि हवेत उंच चढून शीळ घालत सूर मारणारा पक्षी म्हणजे डोंबारी नावाच्या छोट्या चंडोलाचा नर. त्याची मादी साधी तपकिरी असल्याने फसवते. सडपातळ, सतत शेपटी हलवत चालणारी तिरचिमणी तर चंडोलच नव्हे.

उत्तर ३ : एक विनंती आहे. हे सारे पक्षी जमिनीवरच घरटे करतात, म्हणून छायाचित्रासाठी माळावर गाडी घालू नये.